भाऊ रद्द करण्याची रीत

चेनवाली ताईने आपल्या सख्ख्या थोरल्या भावाला मारलं ते संध्याकाळच्या वर्गात, ट्यूबलाइटच्या लख्ख उजेडात, पट्टी आणि पेन्सिल वापरून. वर्गातल्या कोणाला पत्ताही लागला नाही. शेजारच्या बाकावरचे कंडक्टर काका त्या वेळी आपल्या सगळ्या आत्या एका ओळीत कशा मावतील या विवंचनेत होते. ताईने त्रिकोणावर तिरकी रेघ ओढली, खोडरबराचा भुगा फुंकरीने उडवला आणि मागे टेकून बसली. दोन वर्षांत पहिल्यांदाच तिला जरा बरं वाटत होतं.

आता चांगली पन्नाशी उलटलेली, संसारातली बाई काही उगाच उठून भावाला मारत नाही. त्यामागे कारण होतं, आणि ते कारण ती दोन वर्षं रोज परजत होती.

ताईचं दुकान म्हणजे एका इमारतीच्या जिन्याखालची जागा. एक मशीन, एक आरसा आणि कपडे घालून बघायला एक पडदा. नवे कपडे ती शिवत नसे. उसवलेलं शिवायचं, सैल झालेलं आवळायचं, आणि मुख्य म्हणजे पँटच्या बिघडलेल्या चेन बदलायच्या. त्यावरून तिचं नाव चेनवाली पडलं. कामाला चोख, पण तोंडाने फटकळ. 'पँट धुण्यात आटली' म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला ती मोजपट्टी लावून सांगायची, "पँट आहे तेवढीच आहे साहेब, वाढलंय ते पोट." तिच्या नवऱ्याने लग्नानंतर लवकरच ओळखलं होतं, की या बाईशी वाद घालण्यापेक्षा टीव्हीचा आवाज कमी करणं सोपं. राग धरण्यात तिचा हात धरणारा कोणी नव्हता.

भाऊ सोफे आणि खुर्च्यांचं काम करायचा. वडिलांचंच दुकान त्याने पुढे चालवलं होतं. आई त्याच्याकडे असे, दुकानामागच्या खोलीत. ताईचं घर तिथून दोन बसस्टॉपवर. दर रविवारी ती आईकडे जायची, अधेमधे फोन करायची. भावाशी फार गुळपीठ नव्हतं, पण वैरही नव्हतं. एका आठवड्यात तिने रोज फोन केला तर रोज भावानेच उचलला. "आई झोपलीये," म्हणायचा. "जरा सर्दी आहे, औषध दिलंय." ताईला वाटलं, झोपतेय तर झोपू दे.

रविवार यायच्या आतच एक गिऱ्हाईक आलं, भावाच्या गल्लीत राहणारं. नव्या पँटचे पाय दुमडायचे होते. ताई गुडघ्यांवर बसून मापं घेत होती आणि नेहमीसारख्या टाचण्या तिने ओठांत धरल्या होत्या. वरून तो माणूस म्हणाला, "आईंचं वाईट झालं हो. पण शेवटी झोपेतच गेल्या, सुटल्या म्हणायचं. सगळी गल्ली आली होती. तुम्ही कुठे दिसला नाहीत?"

तोंडात टाचण्या असताना बाईने ओरडायचं कसं? ताईने दुसरा पाय पूर्ण टाचला. मग ओठांतल्या उरलेल्या टाचण्या एकेक करून डबीत टाकल्या, आणि मग विचारलं, "कधी?"

त्याच पावली ती भावाकडे गेली होती. तो खालच्या मानेने म्हणाला, "सगळं एकदम झालं. कळवायला वेळच मिळाला नाही." समोरच्या गॅरेजवाल्याला कळवायला वेळ मिळाला, पलीकडच्या दूधवाल्याला कळवायला वेळ मिळाला, आणि दोन स्टॉपवरच्या पोटच्या पोरीला नाही! ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर तिने त्याला सांगितलं, "आजपासून तू मला मेलास."

म्हणायला म्हटलं, पण भाऊ काही मरेना. रोज दुकान उघडायचा. वर लोक येऊन ताईला सांगायचे, "तुमच्या भावाने आमचा सोफा काय झकास केलाय!" तुमचा भाऊ, तुमचा भाऊ. तिने एकदोघांना हळूच सांगून पाहिलं, की तो जुनाच स्पंज आत कोंबतो. ते म्हणाले, "छे हो, आमच्यासमोर फोडला ना नवा." तिला सूड हवा होता आणि तो कसा घ्यायचा ते सुचत नव्हतं. मनातल्या मनात दातओठ खाऊन पोट थोडंच भरतं?

अशात कोणीतरी तिच्या शटरवर कॉलेजची जाहिरात चिकटवून गेलं. फाडून टाकायला म्हणून तिने कात्रीचं टोक घातलं आणि हात थांबला. 'नातं म्हणजे काय? माणूस कोणाला आपलं म्हणतो आणि का? सांस्कृतिक मानवशास्त्राची ओळख. संध्याकाळचा वर्ग, सर्वांसाठी खुला.' ताईच्या डोक्यात चटकन एक विचार आला. एवढं मोठं जग, त्यात इतक्या तऱ्हांची माणसं. कुठेतरी, कोणत्यातरी डोंगरात नाहीतर बेटावर, भाऊ रद्द करायची रीत असेलच की! ती शिकून घ्यायची आणि रीतसर, शास्त्राप्रमाणे त्याला रद्द करायचा. तिने तसंच जाऊन नाव घातलं. नवरा म्हणाला, "या वयात?" तिने नुसतं पाहिलं. त्याने आवाज कमी केला.

शिकवणाऱ्या मॅडम तिच्या मुलीच्या वयाच्या होत्या. पहिल्याच दिवशी 'काही शंका?' असं त्यांनी विचारल्यावर ताई उभी राहिली.

"भाऊ सोडून द्यायची पद्धत कुठे असते का हो?"

वर्ग हसला, मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "नवरा-बायकोची फारकत बऱ्याच ठिकाणी असते, ताई. तिच्यासाठी आपल्याकडे चिन्हसुद्धा आहे. भावाशी बोलणं टाकणारे, त्याचं नाव न घेणारे, त्याला घराबाहेर काढणारे लोकही पुष्कळ भेटतात. पण ज्याच्याशी बोलत नाही तो न बोलणारा भाऊच राहतो ना? तुम्ही शोधत राहा. सापडलं तर मलाही सांगा."

ताईने खरोखरच शोधलं. मॅडम देतील ते पान ती दुकानात मशीनवर उघडं ठेवून वाचायची, गिऱ्हाईक आलं की त्यावर कात्री ठेवायची. कोणाकडे मामा बापापेक्षा मोठा होता, कोणाकडे चुलत भावंडं आणि सख्खी भावंडं यांना एकच शब्द होता. भावंडं वाढवायच्या नाना रीती होत्या, पण कमी करायची एकही हाती लागेना. तरी तिला गोडी लागली हे मात्र खरं. समोरच्या माणसाला कसं विचारायचं याचे मॅडमनी सांगितलेले नियम तिला पाठ झाले. विचारायचं, ऐकायचं, मध्ये तोडायचं नाही, आपला निवाडा बाजूला ठेवायचा. हा शेवटचा नियम तिला जड गेला, कारण तिचा निवाडा केव्हाच होऊन बसला होता.

मग नात्यांच्या तक्त्याचा दिवस आला. पुरुषाला त्रिकोण, बाईला गोल. लग्नाला दोन समांतर रेघा, आणि लग्न मोडलं तर त्या रेघांवर एक तिरकी. भावंडांना वरून जोडणारी एक आडवी रेघ.

"आणि ती तोडायची तर?" ताईने विचारलं.

"तिला तोडायचं चिन्ह नाही ताई."

"कोणीच केलं नाही?"

"माझ्या पाहण्यात नाही. माणूस वारला तर त्याच्या त्रिकोणावर किंवा गोलावर तिरकी रेघ मारतात, एवढंच आहे."

म्हणजे वाट एकच उरली होती. ताईने पट्टी लावली आणि रेघ ओढली. हे झालं ते मारणं.

पुढची गंमत तिला अपेक्षित नव्हती. कंडक्टर काकांची नजर तक्त्यावर गेली. ते हळहळले, "अरेरे, भाऊ गेले? फार वय नसेल?"

"नव्हतं," ताई म्हणाली.

"काय झालं होतं?"

"खुर्चीवरून पडला." जिभेवर आलं ते गेलं बोलून. "स्वतःच दुरुस्त केलेली खुर्ची होती."

काकांनी कपाळाला हात लावला. चहाच्या सुट्टीत सगळ्या वर्गाला कळलं. कोणी तिचा हात हातात घेतला, कोणी तिला बसायला जागा दिली. ताईच्या मनात उकळ्या फुटत होत्या. दर वर्गाला ती भावाच्या मरणात थोडी भर घालू लागली. कोणी आलं नाही म्हणे शेवटी. म्हणजे कोणाला कळवलंच नव्हतं ना. गिऱ्हाइकं तर दुसऱ्याच दिवशी आपापले सोफे परत न्यायला आली. रात्री तिला इतकी गाढ झोप लागायची, की नवऱ्याने विचारलं, "तब्येत बरी आहे ना?"

असं सगळं छान चाललं असताना मॅडमनी पुढचं काम दिलं. आपापल्या तक्त्यातल्या सगळ्यांत वयस्कर, हयात माणसाची मुलाखत घ्यायची आणि ती वर्गात वाचायची. बाकांमधून फिरत त्या ताईजवळ थांबल्या आणि तक्त्यावर वाकल्या.

"तुमच्या आई आहेत, वा! मग त्यांचीच घ्या." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "फक्त मुलाबद्दल जरा जपून विचारा. या वयात मुलगा जाणं सोपं नसतं."

ताईने तक्त्याकडे पाहिलं. वडिलांच्या त्रिकोणावर रेघ होती. भावाच्या त्रिकोणावर तर दाबून ओढलेली होती, कागदाला वळ उठला होता. आणि त्या दोघांच्या मध्ये आईचा गोल कोरा होता. तिच्या हातून तो राहून गेला होता आणि इतके दिवस डोळ्यांनाही दिसला नव्हता. पेन्सिल हातातच होती. 'अगं बाई, हे राहिलंच' म्हणून ती रेघ ओढू शकली असती. हात उचलेना. ज्या आईला जाताना पाहिलं नाही, तिच्यावर रेघ कुठल्या हाताने ओढायची?

"हो," ती म्हणाली, "आहे आई."

त्या रात्री मात्र झोप उडाली. मुलाखत द्यायला आई कुठून आणायची? आईचे शेवटचे दिवस सांगू शकेल असं जगात एकच माणूस होतं, आणि त्याला तर तिने स्वतःच्या हाताने मारलं होतं. सकाळपर्यंत तिचं ठरलं. त्यालाच विचारायचं. सगळं वदवून घ्यायचं, एकही दिवस गाळू द्यायचा नाही, आणि ते जसंच्या तसं वर्गात वाचायचं. शास्त्राप्रमाणे मेला नाही तर शास्त्राप्रमाणे उघडा पाडायचा. या विचाराने तिला चहासुद्धा गोड लागला.

भाऊ दुकानात जमिनीवर बसला होता. समोर एक खुर्ची उलटी पडलेली, आणि वडिलांच्या सवयीने ओठांत चुका, म्हणजे बारीक खिळे, धरलेल्या. दारात बहीण बघून त्याचा हातोडा हवेतच राहिला.

"चुका काढू नका तोंडातल्या," ताई म्हणाली. "आधी मी काय सांगते ते ऐका. मी कॉलेजच्या कामाने आलेय. मी विचारणार, तुम्ही सांगणार. मी मध्ये बोलणार नाही. आई आजारी पडली तिथपासून ती गेली तिथपर्यंत, क्रमाने, काही न गाळता. आता काढा."

भावाने चुका तळहातावर थुंकल्या. "चिमे, मला 'तुम्ही' काय म्हणतेस?"

"माहिती देणाऱ्याला 'तुम्ही'च म्हणतात."

"पाणी तरी घे."

"कामावर असताना घेत नाही. सुरू करा."

भाऊ चुका या हातातून त्या हातात करत सांगू लागला. आधी ताप आला. मग आईने खाणं सोडलं. डॉक्टर येऊन गेले आणि म्हणाले, वय झालंय, आता घरीच ठेवा. पलंग खिडकीशी हलवला, कारण तिला रस्ता दिसायला हवा होता. उशी टोचते म्हणाली, म्हणून त्याने तिच्यासाठी नवी लहान उशी शिवली, मऊ कापूस पिंजून. ताई ऐकत होती. उशीचं ऐकून तिला रडू फुटणार होतं, ते तिने गिळलं. निवाडा बाजूला, निवाडा बाजूला.

"काय बोलायची?"

"फारसं नाही." त्याने हातातल्या चुका डबीत टाकल्या. "विचारायची."

"काय?"

"चिमी आली का."

ताईची बोटं पदराच्या टोकात रुतली. "मग तुम्ही काय सांगायचात?"

"येतेय म्हणायचो. वाटेत आहे म्हणायचो."

"रोज?"

"रोज. म्हणून तर खिडकीशी पलंग..."

"आणि मी फोन केला की मला सांगायचात, झोपलीये."

"हो."

"का?"

असा प्रश्न विचारू नका, त्याने माणूस बचावाला लागतो, असं मॅडमनी बजावलं होतं. पण मॅडमची आई हयात होती.

भाऊ उलट्या खुर्चीकडे बघत म्हणाला, "तू आलीस की ती माझ्याकडे बघायची नाही. लहानपणापासून. मी रोज घरात असायचो आणि ती रविवारची वाट बघायची. मला वाटलं, आता शेवटचे दिवस आहेत, एवढे तरी माझ्या एकट्याचे असू देत. वाटलं, तू नसलीस की बघेल माझ्याकडे." त्याने नाक पुसलं. "नाही बघितलं. रस्त्याकडेच बघत होती."

इथे ताईचे सगळे नियम गळून पडले. "अरे नालायका!" ती ओरडली. "दोन स्टॉप, दादा! चालत आले असते मी! ती वाट बघत बघत गेली आणि मी चेन बदलत बसले होते! कसली माणसं रे तुम्ही? कसला तू भाऊ?" समोरची चुकांची डबी तिने उचलून भिंतीवर भिरकावली. दुकानभर चुका विखुरल्या. भाऊ बसल्या जागी गदगदून रडत होता आणि तिला त्याची तसूभरही दया येत नव्हती.

जरा वेळाने तिने पिशवीतून तक्ता काढला आणि कापायच्या टेबलावर पसरला.

"इकडे ये. तेव्हा तू मला बोलावलं नाहीस. आता मी तुला बोलावतेय. बघ, कसं बोलावतात ते."

पंख्याच्या वाऱ्याने कागद उडत होता. भावाने दोन्ही कोपरे धरून ठेवले. ताईने त्याचीच लाकडी पट्टी घेतली, आईच्या गोलावर ठेवली आणि सावकाश रेघ ओढली. इकडून तिकडे जायला त्या रेघेला फार वेळ लागला. मग पट्टीवरच डोकं टेकून ती हमसून हमसून रडली, दोन वर्षांचं सगळं.

डोकं वर केलं तेव्हा भाऊ खालच्या त्रिकोणाकडे बघत होता.

"हा कोण?"

"तू."

"मी मेलोय?"

"केव्हाच. खुर्चीवरून पडून. सगळ्या वर्गाला माहितीये. हळहळले लोक."

त्याच्या तोंडावर हसू येता येता राहिलं. "बरं केलंस. राहू दे तसंच. मेलेलाच बरा मी."

ताईने त्याच्याकडे टक लावून पाहिलं. मग पिशवीत हात घालून खोडरबर काढला आणि त्या त्रिकोणावर घासायला लागली. रेघ खोल गेलेली होती. कागद पातळ झाला तरी ती घासत राहिली.

"अगं, राहू दे म्हटलं ना."

"का राहू दे? मेलास की सुटलास! आई खिडकीशी डोळे लावून होती हे आता दोघांनाच ठाऊक आहे. मी एकटीने नाही उरापाशी धरायचं ते. तूही जगायचंस. सकाळी उठायचं, सोफे करायचे, लोक 'झकास' म्हणतील ते ऐकायचं, आणि हे लक्षात ठेवून जगायचं. चांगला म्हातारा हो."

"माफ नाही केलंस म्हणजे."

"नाही."

ती निघाली. दारात थांबून, मागे न बघता म्हणाली, "ती उशी ठेवली असशील तर दे."

त्याने ती आतून आणून दिली.

दोन दिवसांनी, पुढच्या वर्गाला ताई उभी राहिली. हातात वाचायला काही नव्हतं. म्हणाली, "मी तुमच्याशी खोटं बोलले. माझा भाऊ जिवंत आहे. खुर्चीवरून वगैरे कोणी पडलं नाही."

कंडक्टर काकांचं तोंड उघडंच राहिलं. कोणीतरी मागून विचारलं, "मग मिटलं का तुमचं?"

"काही मिटलं नाही. मेलेल्यावर रागवता येत नाही म्हणून उठवला त्याला." मग तिने तक्ता वर धरला. भावाच्या जागी कागदातून पलीकडचा उजेड दिसत होता. "आईची मुलाखत मात्र होणार नाही, मॅडम. आई गेली."

मॅडम खुर्चीवरून उठल्या. एकदा फसवून गेलेल्या बाईवर पुन्हा विश्वास ठेवावा की नाही, हे कोणालाच ठरवता येईना. शेवटी काकाच पुढे झाले आणि जपून म्हणाले, "कधी गेल्या हो ताई?"

"परवा," ती म्हणाली.

काकांनी बाकावरची आपली पिशवी उचलली आणि तिला बसायला जागा करून दिली.